मापटेप घेऊन गाडी बघायला

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आई एका लग्नाला ॲम्ब्युलन्सनं गेली. तब्येत एकदम ठणठणीत होती, रेशमी साडी नेसली होती, केसात मोगऱ्याचा गजरा होता, फक्त तिला हॉलवर न्यायला आमच्याकडे दुसरं वाहनच नव्हतं. ॲम्ब्युलन्समध्ये व्हीलचेअर नाही चढत, स्ट्रेचर चढतं, त्यामुळे समापासून मांजलपूरपर्यंत, म्हणजे अख्खं बडोदं उभं ओलांडून, आई आडवी पडून गेली आणि गजरा चेंगरू नये म्हणून वाटभर मान उचलून धरली होती. हॉलच्या दारात पोचलो तर वॉचमननं धावत जाऊन दोन्ही गेटं उघडली, बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं, मुलीचा मामा पाण्याची बाटली घेऊन पळत आला आणि "कोणाला काय झालं?" विचारायला लागला. आई आतून ओरडली, "अरे वाजवा, वाजवा, मी पाहुणी आहे!"

नंतर सगळे खूप हसले, मीही हसले, पण त्या रात्री घरी आल्यावर मी ठरवलं की आता गाडी घ्यायचीच, बास झालं.

आमच्याकडे आधी अल्टो होती. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा ती सोसायटीच्या पार्किंगमध्येच बुडाली, छपरापर्यंत. तेव्हा मगरींचे व्हिडिओ सगळ्या भारतानं बघितले, आमच्या गल्लीत मगर नाही आली पण पाणी आलं, आणि आईला चार मुलांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दुसऱ्या मजल्यावर पटेल अंकलकडे नेलं. पाणी उतरल्यावर लोकांनी उत्साहात गाड्या स्टार्ट करून बघितल्या, ते अजिबात करायचं नसतं, इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग इन्शुरन्सवाल्यांशी वाद घालत बसा. आम्ही नाही मारला. तरी अल्टो गेलीच.

आईचं थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मणक्याच्या ऑपरेशनला सहा वर्षं झाली, कमरेखाली ताकद नाही, हात मात्र मजबूत आहेत, बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलेले हात आहेत ते. वय एकाहत्तर. वजन मी लिहिलं तर ती मला घरात घेणार नाही. अल्टोत बसवताना मी तिच्या काखेतून हात घालून उचलायची, आणि ती गाडी इतकी बुटकी की बसवणं म्हणजे सोडून देणं आणि उतरवणं म्हणजे विहिरीतून बादली ओढणं. तेव्हा माझी कंबर चाळिशीतली होती, आता नाहीये.

पुण्याहून दादाचे व्हॉट्सॲप सुरू झाले. ही बघ, हिला सहा एअरबॅग, ती बघ, तिला सनरूफ. दादाचा दोष नाही, सगळे गाडी बघतात ती चालवणाऱ्याच्या सीटवरून बघतात, मीही आयुष्यभर तशीच बघितली. पण यावेळी मी शिवणाच्या डब्यातली मापटेप पर्समध्ये टाकली आणि शोरूममध्ये गेल्यावर पहिल्यांदा काय केलं तर पुढचं डावं दार पूर्ण उघडून खाली बसले आणि जमिनीपासून सीटपर्यंत मोजलं. सेल्समन पोरगा घाबरला. त्याला मायलेज सांगायचं होतं.

शोरूमबद्दल एकच सांगते, नाव नाही सांगत. करोडोंची काच, आत कॉफी मशीन, आणि दाराशी दोन पायऱ्या, रॅम्प नाही. आई बाहेर उन्हात बसली आणि गाडी तिच्यासाठी बाहेर आणली. त्यात तो मुलगा तिच्या डोक्यावरून मला विचारतो, "बा ने आ फावशे?" म्हणजे बांना ही जमेल का. बा समोर बसलीये रे बाबा. तिला विचार ना. तिला गुजराती तुझ्यापेक्षा चांगलं येतं, वर्गात तुझ्यासारखे शंभर सांभाळलेत तिनं.

तर सीटची उंची. व्हीलचेअरवर गादी टाकून आईची बैठक जमिनीपासून वीस इंचांवर येते. गाडीची सीट तेवढीच किंवा दोन-तीन बोटं वर असली तर ती स्वतः सरकू शकते. आजकाल सगळ्यांना हव्या असतात त्या एसयूव्हीची सीट बरीच वर, म्हणजे तिला चढवावं लागतं, डोंगर. सेडानची खाली, जाताना घसरगुंडी, येताना पुन्हा ती विहीर. मला आधी वाटायचं मोठी गाडी म्हणजे सोयीची, तर पटेल अंकलच्या इनोव्हात आईला बसवताना दोन माणसं आणि एक स्टूल लागलं. आणखी एक गोष्ट माझ्या कधीच लक्षात आली नव्हती, ती म्हणजे दाराचा उंबरठा. सीट बरोबर असली तरी पाय उचलून आत घ्यावे लागतात, आणि ते पाय स्वतः उचलले जात नाहीत, एकेक करून मी घेते, त्यामुळे उंबरठा दोन इंच कमी असला तरी फरक पडतो. आणि दाराची वरची चौकट. आई सरकताना डोकं पुढं झुकवते, चौकट खाली असली की खाडकन लागतं. एका गाडीत लागलंच. टेंगूळ आठवडाभर होतं, ती गाडी यादीतून गेली.

मग डिकी. बडोद्यात कोणालाही विचारा, एकच उत्तर येतं, सीएनजी घ्या. खरंच आहे, इथं निम्मं शहर गॅसवर पळतं. पण साध्या सीएनजी गाडीत सिलिंडर कुठं असतो? डिकीत. आणि व्हीलचेअर कुठं ठेवायची? डिकीत. हे सेल्समनला सांगितलं की तो म्हणतो मागच्या सीटवर ठेवा ना, म्हणजे घरातून दोनच माणसांनी निघायचं, तिसऱ्यानं रिक्षानं या. टाटानं २०२३मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान, डिकीच्या तळाशी आडवे टाकायची युक्ती काढली, नंतर त्यांच्या इतर गाड्यांतही आली, त्यात डिकी बरीच वाचते. ती बघितली, खुर्ची बसतही होती, पण सतरा किलोची घडी केलेली खुर्ची डिकीच्या काठावरून आत टाकायची म्हणजे काठ किती उंच आहे ते बघावं लागतं आणि माझ्या उंचीला तो नको तितका उंच पडला. माझी उंची पाच फूट एक. गाडी कोणासाठी निवडतोय, तर आईसाठी, आणि अर्धी माझ्या पाठीसाठी. शेवटी पेट्रोलच घेतली. सोसायटीतले सगळे अजून हळहळतात.

पण त्याआधी एक वळण आलं, आणि मला खरं त्याच्याचबद्दल लिहायचंय.

माझी मावसबहीण इंग्लंडात लेस्टरला असते. ती म्हणाली उचलाउचल कशाला करतेस, इथं आमच्या शेजारचे आजोबा खुर्चीसकट गाडीत जातात, मागून रॅम्प खाली येतो, हे वर, पट्टे लावले की निघाले. तिकडे १९७७पासून मोटॅबिलिटी नावाची योजना आहे, अपंगत्वाच्या भत्त्यातली फिरण्यासाठीची रक्कम वळती करून लोकांना अशी गाडी भाड्यानं मिळते. आणि त्या गाड्यांची मागची फरशी कापून खाली घेतलेली असते, त्यामुळे रॅम्प सौम्य आणि डोक्यावर भरपूर जागा. मी व्हिडिओ बघून वेडी झाले. मग शोधाशोध केली, तर आपल्याकडेही लोक करून देतात, बहुतेक मारुतीच्या ईको व्हॅनवर, कारण ती स्वस्त, चौकोनी आणि आतून रिकामी. एका गॅरेजवाल्याकडे तयार गाडी होती, आम्ही बघायला गेलो, आईला घेऊन, पुन्हा ॲम्ब्युलन्सनं. त्याबद्दल नको.

माणूस फार प्रामाणिक होता. त्यानं पहिल्यांदाच सांगितलं की ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं आणि चालतात मागची चाकं, म्हणजे फरशीखालून शाफ्ट मागं जातो, त्यामुळे परदेशातल्यासारखी फरशी खाली घेणं सोपं नाही. मागून फरशी जमिनीपासून दोन फूट वर. इमारतीच्या रॅम्पला एकास बारा असा उतार सांगतात, त्या हिशेबानं दोन फुटांना चोवीस फूट रॅम्प लागेल, म्हणजे गाडी घरासमोर आणि आई सोसायटीच्या गेटवर! गाडीचा रॅम्प होता सात फुटांचा, उभा, म्हणून त्यानं वर खेचायला विंच लावली होती. बटण दाबलं की पट्टा खुर्चीला हळूहळू ओढतो. आई मागच्या मागं कलंडेल म्हणून मी मागे हात लावून उभी. मग चार पट्टे, दोन पुढून दोन मागून, खुर्चीच्या फ्रेमला, चाकाला नाही, हातालाही नाही. आणि माणसासाठी गाडीला बोल्ट केलेला वेगळा सीटबेल्ट, कारण खुर्चीवरचा पट्टा फक्त माणूस घसरू नये म्हणून असतो, अपघातात त्याचा भरवसा नाही. हे त्यानं दोनदा सांगितलं. मला माणूस आवडला.

आम्ही एक चक्कर मारली. तो चालवत होता, मी शेजारी, आई मागे. माझ्या कंबरेला काही त्रास नाही, आईला कोणी ओढलं नाही, साडीसुद्धा विस्कटली नाही, मी मनात पैसे मोजायला लागले. रस्त्यात तो त्याच्या पहिल्या ग्राहकाचा किस्सा सांगत होता, की त्या काकांनी गाडी मिळाल्यावर पहिल्यांदा काय केलं तर पानाच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर, गेले आणि उतरलेच नाहीत, पानवाल्यालाच रॅम्पवरून आत बोलावलं. आम्ही दोघं खूप हसलो.

परत आलो, पट्टे सोडले, विंच उलटी फिरली, आई खाली आली. मी विचारलं, कशी वाटली? ती म्हणाली, चांगली आहे, धक्के बसतात थोडे. मग घरी जाईपर्यंत काही बोलली नाही. रात्री मी तिचे पाय दाबत होते तेव्हा म्हणाली, "तुम्ही दोघं पुढं कशाला हसत होतात गं?"

मी पानवाल्याची गोष्ट सांगितली. ती हसली. पण ती गोष्ट तिला सहा तासांनी कळली ना.

मग मी खोदून विचारलं तर म्हणाली, खुर्चीत बसलं की मी उंच होते, डोक्यावर चार बोटं राहतात, आणि खिडकी राहते खाली, त्यातून मला फक्त डांबर दिसतं आणि स्कूटरची चाकं. न्यायमंदिर आलं की सूरसागर आलं ते वळणावरून ओळखायचं. इंजिनाचा आवाज, तुमच्या पाठी. "वर्गात शेवटच्या बाकावर बसवलंय असं वाटलं," म्हणाली.

ही तक्रार आमच्याच आईची नाही, लेस्टरवाली म्हणाली तिकडेही लोक हेच म्हणतात, म्हणून काही व्हॅनमध्ये ड्रायव्हरच्या शेजारची सीट काढून तिथंच खुर्ची उभी करायची सोय असते. इथं मला तशी मिळाली नाही. मी महिनाभर विचार केला. मी इतके दिवस विचार करत होते खुर्ची गाडीत कशी जाईल याचा, आणि आई विचार करत होती बसायचं कुठं याचा. हे दोन वेगळेच प्रश्न आहेत आणि मी फक्त माझा सोडवत होते. आता कोणी म्हणेल, पुढं बसायचा हट्ट कशाला या वयात. अहो, पण गाडीत बसून करायचं काय असतं? गप्पा मारायच्या, पाट्या वाचायच्या, ड्रायव्हरला शिकवायचं. आईला ड्रायव्हरला शिकवायला फार आवडतं.

तरी रॅम्पच्या गाडीला मी नावं ठेवणार नाही. ज्यांची बॅटरीची खुर्ची आहे, ती एकटीच साठ-सत्तर किलोची असू शकते, ती कोण उचलणार? ज्यांच्या हातात ताकद नाही त्यांनी कसं सरकायचं? आणि पाच वर्षांनी माझी कंबर किंवा आईचे खांदे गेले की आम्हीही त्याच प्रामाणिक माणसाकडे जाणार आहोत, मी त्याचा नंबर सेव्ह करून ठेवलाय. आत्ता नाही, एवढंच.

वॅगनआर घेतली. ऑटो गिअरची, पेट्रोल. सीट खुर्चीपेक्षा तीन बोटं वर, दार रुंद, छप्पर उंच, डोकं लागत नाही. एवढी साधी गोष्ट ठरवायला मला आठ महिने लागले. आणि हळूबाईपणाचा चक्क फायदा झाला. अस्थिव्यंग प्रकारचं ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलं तर केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाच्या सर्टिफिकेटवर छोट्या गाडीला जीएसटीत सवलत होती, सेस धरून २९ टक्क्यांच्या जागी १८. गाडी चार मीटरच्या आत, पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, आणि घेतल्यावर पाच वर्षं विकायची नाही. मी फाइल जमवत बसले होते, डॉक्टरांचा दाखला, अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड, झेरॉक्सच्या झेरॉक्स, आणि २२ सप्टेंबर २०२५ला सरकारनं छोट्या गाड्यांना सगळ्यांसाठीच १८ टक्के केले. दादा म्हणाला, बघ, आता तुम्ही आणि आम्ही सारखे. मी म्हटलं हो का, मग ये आणि आईला एकदा गाडीतून उतरवून दाखव.

गाडी मात्र आईच्या नावावर घेतली. आरसीच्या अर्जात, फॉर्म २०मध्ये, २०२०पासून मालकीच्या प्रकारात 'दिव्यांगजन' असा रकाना आहे, तो भरला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावावर गाडी आली, लुना होती ती पण बाबांच्या नावावर होती. दर्जीपुऱ्याच्या आरटीओत एका कामासाठी गेले तेव्हा तिथं एक काका भेटले, पोलिओचे, स्वतःची गाडी हातानं चालवत आले होते. त्यांनी दार उघडून दाखवलं, स्टिअरिंगखाली एक दांडा, ढकलला की ब्रेक, ओढला की रेस. मी विचारलं उलट का नाही? म्हणाले, अचानक ब्रेक मारायची वेळ आली की अंग पुढंच जातं, तेव्हा ढकलणंच सोपं. त्यांची गाडी क्लचवाली, तर क्लचसाठी गिअरच्या मुठीवर बटण. असा बदल केला की आरसीवर चढवावा लागतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात अशा गाडीला 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणायचे, २०१९च्या दुरुस्तीत ते 'ॲडॅप्टेड व्हेइकल' झालं. काका म्हणाले, "बेन, वीस वरस हुं इनव्हॅलिड हतो, हवे व्हॅलिड थयो." म्हणजे वीस वर्षं मी इनव्हॅलिड होतो, आता व्हॅलिड झालो.

दसऱ्याला गाडी घरी आली. आता सरकायची फळी हवी होती, खुर्ची आणि सीटमध्ये वीतभर दरी राहते, मागचं मोठं चाक आडवं येतं त्यामुळे. बाजारात प्लास्टिकच्या मिळतात, पण आमच्या दांडिया बाजारच्या जुन्या घरातली झोपाळ्याची सागवानी फळी माळ्यावर होती. सुताराला बोलावलं, त्यानं अडीच फूट कापून घेतली, दोन्ही टोकं रंध्यानं इतकी पातळ केली की सीटखाली सुरीसारखी सरकते, आणि पॉलिश काढून टाकायचं का विचारलं. मी म्हटलं हात लावू नकोस. चाळीस वर्षं बसून बसून गुळगुळीत झालेली फळी आहे ती, त्याच्यावरून आई साबणावरून सरकावी तशी सरकते. कड्यांची दोन भोकं होती, एक उरलंय, त्यात दोरी ओवून मी ती डिकीत अडकवते.

पद्धत अशी आहे की खुर्ची सीटला तिरकी लावायची, दोन्ही ब्रेक, गाडीकडचा फूटरेस्ट काढायचा, खुर्चीचा त्याच बाजूचा हात काढायचा, फळी टाकायची, सीटवर साडीच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी अंथरायची, कारण सीटचं कापड धरून ठेवतं आणि पिशवी असली की बसल्याबसल्या समोर वळता येतं, वळून झालं की पिशवी ओढून घ्यायची. पहिल्या दिवशी सतरा मिनिटं, आता चार. आणि रस्ता बघून गाडी लावायची, रस्ते मधून उंच आणि कडेला उतरते असतात, डावीकडे लावली की खुर्ची उतारावर आणि सरकणं चढावर, तीन बोटांची सहा होतात. पहिल्याच आठवड्यात त्यात फसलो, आई अर्ध्या फळीवर अडकली, ना इकडे ना तिकडे, आणि मागून टेम्पोवाला हॉर्न देतोय. मी रडायच्या बेतात. आई म्हणते, "त्याला सांग मी झोपाळ्यावर बसलेय, दोन मिनिटं थांब."

गंमत म्हणजे आमची गाडी येऊन तीन महिने नाही झाले तर मारुतीनं वॅगनआरसाठीच फिरणारी सीट काढली, जी दाराबाहेर वळते. दादानं लिंक पाठवली, सोबत रडका इमोजी. आईनं बघितलं आणि म्हणाली बघू पुढं, माझी फळी चांगली आहे.

गेल्या रविवारी संध्याकाळी आम्ही सेव उसळ खायला गेलो. गर्दी, पार्किंग नाही, मी गाडी कडेला घेऊन इंजिन चालूच ठेवलं. गाड्यावरचा पोरगा धावत आला आणि जी खिडकी त्याला जवळ पडली तिच्यात वाकला, म्हणजे आईच्या. त्याला खुर्ची दिसलीच नाही, ती डिकीत होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यानं. "बोलो बा, केटली प्लेट?"

आईनं काच पूर्ण खाली केली, कोपर बाहेर काढलं. "बे. मारामां तरी वधारे नाखजे, अने पाव गरम लावजे, काले जेवा ठंडा नहीं." म्हणजे दोन, माझ्यात तरी जास्त घाल, आणि पाव गरम आण, कालच्यासारखे थंड नकोत.

काल आम्ही आलोच नव्हतो. पण पोरगा सॉरी म्हणाला.